रानजनावरे, शिकारीचा परवाना आणि येता खरीप

हरभरा, करडई व रब्बी ज्वारीची रास घरी आली, खळी मोकळी झाली, की शेतकरी पुढील हंगामाच्या विचारास लागतो. बियाणे, खत व मशागत यांचा हिशोब तो चैत्र-वैशाखातच मांडतो. राखणीचा विचार मात्र पीक उगवून त्यात जनावर शिरल्यावरच सुरू होतो. बिलोली तालुक्यात रानडुक्कर, रोही व काळवीट यांच्या उपद्रवाने त्रासलेल्या शेतकऱ्यांकडून “शिकारीचा परवाना मिळतो काय?” हा प्रश्न ग्रामकार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पेरणीपूर्वीच स्पष्ट झालेले बरे.

हंगामाचा अंदाज

उन्हाळ्यात शिवार उघडे पडते व पाणवठे आटतात. अशा वेळी रानडुकरे मांजरेच्या काठचा ऊस व वेड्या बाभळीची दाट झुडपे यांचा आश्रय घेतात. दिवसा तेथे दडावे आणि रात्री उन्हाळी भुईमूग व भाजीपाला यांवर धाड घालावी, हा त्यांचा क्रम असतो. रानडुकराची मादी सुमारे चार महिन्यांत विते व एका वेळी अनेक पिले देते. त्यामुळे लपण्यास जागा व खाण्यास पीक मिळाले की कळप लवकर वाढतो.

मृगाच्या पेरणीनंतर मका व भुईमूग यांचे बी डुकरे उकरून खातात. सोयाबीन, मूग व उडीद यांचे कोवळे कोंब काळविटांचे कळप खुडतात. पुढे दाणा भरताना डुकरे पुन्हा येतात, आणि कार्तिकापासून हरभऱ्यावर रोही व काळवीट यांचा जोर राहतो. म्हणजे धोक्याचे दिवस आधीच ठाऊक आहेत. त्यानुसार राखणीच्या पाळ्या आखता येतील.

परवाना कशाचा व कोणास?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्रारंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. हौसेच्या शिकारीचा हंगाम आता आपल्याकडे नाही. गोळी घालणे एवढीच शिकार नव्हे. फास लावणे, सापळा मांडणे, विष घालणे व तसा प्रयत्न करणे हेही कायद्याने शिकारच ठरते.

तथापि, उभ्या पिकास धोका निर्माण करणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम ११ अन्वये अधिकृत अधिकारी लेखी व सकारण परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर व रोही हे दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्यांच्याबाबत ही वाट खुली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्यासाठी कार्यपद्धतीही ठरवून दिली. काळवीट व मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाच्या नुकसानीकरिता त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. त्यांना इजा न करता हुसकावून लावणे एवढेच आपल्या हाती आहे.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा. गट क्रमांक, पीक, प्राण्याचा प्रकार व नुकसानीचा तपशील लिहावा व अर्जाची पोच घ्यावी. बंदुकीचा परवाना ही निराळी बाब आहे; एकाच्या आधारे दुसरा मिळाला असे मानू नये. परवानगीतील प्राणी, क्षेत्र, मुदत व अटी यांबाहेर जाऊ नये. मांजरेपलीकडे तेलंगण राज्य लागते, तेथे आपली परवानगी चालत नाही. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता होते. त्याचे मांस घेणे किंवा वाटणे हा गुन्हा आहे.

तारेचा मोह टाळा

परवानगीस वेळ लागतो म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. याहून घातक उपाय दुसरा नाही. पंपास रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटार सुरू करण्यास माणूस अंधारातच बांधाने निघतो. तार डुक्कर ओळखत नाही, तसेच शेजारी, बैल किंवा आपला मुलगाही ओळखत नाही. चार ओळी पीक वाचविताना एखाद्याचे घर उघडे पडते व तार लावणाऱ्यावर तुरुंगाची पाळी येते. दारूगोळा भरलेली आमिषेही अशीच जीवघेणी आहेत. असा प्रकार दिसल्यास ग्रामकार्यकर्त्यांनी भीड न धरता त्याच दिवशी तार काढावयास लावावी.

सौर कुंपण ही निराळी गोष्ट आहे. त्यातील यंत्र बॅटरीवर चालते व क्षणभराचे झटके ठरावीक अंतराने देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर हवी. रोह्यासाठी वर आणखी तारा लागतात. पावसाळ्यात गवत तारेस टेकले की झटका क्षीण होतो, म्हणून तारेखालील पट्टा स्वच्छ ठेवावा.

एकट्याने नव्हे, शिवाराने

एकाच शेताला कुंपण घातले तर कळप शेजारच्या शेतात वळतो. यास्तव वैशाखातच शिवारातील शेतकऱ्यांनी एकत्र बसावे, बांधावरील झुडपे साफ करावीत व राखणीच्या पाळ्या ठरवाव्यात. रब्बीत कडेने काटेरी करडईचे पट्टे पेरण्याची जुनी रीत सोडू नये. सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. तेथे पिकांविषयी सल्ला घ्यावा.

नुकसान झालेच तर पीक मोडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, वन कार्यालयास तीन दिवसांच्या आत लेखी कळवावे व पंचनामा करून घ्यावा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. कोणते प्राणी व कोणते क्षेत्र त्यात येते, हे राज्याच्या अधिसूचनेवरून ठरते. विमा भरतानाच ते विचारून घ्यावे.

शेतकरी बंधूंनो, पीक आपले आहे आणि ते राखण्याचा हक्कही आपला आहे. तो हक्क अर्ज, पोच, पंचनामा व शिवाराची एकजूट यांच्या बळावर बजावावा. मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा बियाण्याच्या पिशवीबरोबर राखणीची तयारीही घरात असू द्यावी.