गाणं बदललं की आवाज का उसळतो?

मोबाइलवर भीमसेन जोशींचा जुन्या मुद्रणातला विलंबित ख्याल संपतो, पाठोपाठ नव्या सिनेमातलं ढोलताशांचं गाणं सुरू होतं आणि हात झटकन आवाजाच्या बटणाकडे जातो. बटण तर कुणी हलवलेलं नसतं!

डिजिटल फाइलमध्ये आवाजाला वरची एक हद्द असते. ख्यालातली एखादीच तान तिला टेकते, बाकी गायन बरंच खाली असतं. नव्या गाण्यात मात्र उंच टोकं दाबून उरलेलं सगळं वर उचललेलं असतं. दोन्हींचं शिखर सारखंच. पण कान शिखर मोजत नाही, सरासरी जोर ऐकतो. मेटालिका या रॉक बँडच्या २००८ मधल्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बममध्ये ही दाबादाबी इतकी झाली, की खुद्द चाहत्यांनीच तक्रारी केल्या.

यावरचा उपाय २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडला : ‘रिप्लेगेन’. संगणक अख्खं गाणं आधी तपासतो, कानाला जास्त जाणवणाऱ्या स्वरांना जास्त महत्त्व देतो आणि बरणीवर चिठ्ठी लावावी तसा फाइलला एक आकडा जोडतो. समजा, उणे ८ डेसिबल. वाजवताना प्लेअर तेवढा आवाज उतरवतो. मूळ ध्वनीला धक्काही लागत नाही, हे त्यातलं खरं शहाणपण.

हळू गाणं वर उचलताना शिखर हद्दीवर आपटलं तर आवाज फाटतो. म्हणून शिखराचीही नोंद ठेवली जाते.

मैफलीच्या मुद्रणात मात्र जपून. आलाप आणि द्रुत वेगवेगळे मोजून समान केले, तर गायकाने रचलेला चढच सपाट होतो. अशा वेळी प्लेअरमध्ये ‘अल्बम’ हा पर्याय निवडावा; मग सगळ्या तुकड्यांना एकच आकडा लागू होतो.