दिवा लागला, पण सांभाळणार कोण?



गाळप हंगामात टर्बाईन फिरताना आपण पुष्कळांनी पाहिले आहे. बगॅसवर बॉयलर पेटतो, वाफ टर्बाईनला फिरवते आणि वीज होते. हेच काम वाफेऐवजी नदीच्या पाण्याने, तेही डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर होईल का? ‘कागदावर होईल हो, गावात कुठलं?’ असे आपण म्हणाल. पण आपल्याच राज्यात हे झालेले आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात बिलगाव हे सातपुड्यातले आदिवासी गाव. उदई नदीवर तिथे सुमारे ९ मीटर उंचीचा धबधबा होता. विजेच्या तारा मात्र गावापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. नर्मदा बचाव आंदोलनाच्या साथीने केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे तरुण इंजिनिअर तिथे आले. ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेने पैशाचा हातभार लावला. खोदाई-बांधकामाला गावकऱ्यांनी श्रमदान केले. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि पाड्या-पाड्यांवर दिवे लागले.

यातले गणित अवघड नाही. सेकंदाला ३०० लिटर पाणी ९ मीटरवरून पडले, तर त्यात सुमारे २६ किलोवॅट शक्ती असते. पाईप, टर्बाईन आणि जनित्र यांत घट जाऊन त्यातली साठ टक्के हाती लागली, तरी १५ किलोवॅट होतात. इंधनाचा खर्च नाही, धूर नाही, आणि पाणी पुन्हा नदीतच जाते.

मग अडते कुठे? यंत्रापाशी नव्हे, यंत्र बसवून झाल्यावर. जाळीत पालापाचोळा अडकतो, पट्टा सैल होतो, बेअरिंगला ग्रीस लागते. इंजिनिअर निघून गेला आणि गावात पाना धरणारा कोणी नसला, तर महिनाभरात सारे ठप्प! म्हणून तांत्रिक मदत म्हणजे नुसता नकाशा आणि मशीन नव्हे. गावातली चार पोरे तयार करणे, ही त्यातली खरी मदत.

या कथेचा शेवट गोड नाही, तोही सांगितला पाहिजे. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचा फुगवटा वर चढला आणि बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला. मोठ्या धरणाच्या विजेपायी लहान गावाने स्वतःच्या हाताने केलेली वीज गमावली. धरण हवे की नको, यावर सभासदांत दोन मते असतील. पण घाम गाळून लावलेला दिवा असा विझताना कोणालाही वाईटच वाटेल.

आता थोडे आपल्या गोठ्याकडे पाहू. आपल्याकडे नदीचा धबधबा नसेल, पण शेण आहे. २ घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. चार-पाच जनावरांत ते भागते. एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो, आणि वर मळी शेताला मिळते. तरीही किती तरी संयंत्रे बंद पडून आहेत. कुठे लोखंडी टाकी गंजली, कुठे गॅसच्या पाईपात पाणी साचले. पाईपातले पाणी काढायला पाच मिनिटे लागतात. पण ते कोणी शिकवलेच नाही, म्हणून बाई पुन्हा चुलीपाशी धुरात बसली.

सभासदांना आमची विनंती आहे. बंद संयंत्र मोडीत काढण्याआधी एकदा पाईप, कॉक आणि टाकीचा जोड तपासा. आणि गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला हे काम शिकवा. बिलगावच्या माणसांकडे सोय कमी होती, तरी त्यांनी करून दाखवले. आपल्याकडे गोठा आहे, संयंत्रही उभे आहे. कमी आहे ती फक्त पाना हाती घेणाऱ्याची.