मोटार बांधण्यापूर्वी कागदावरची तरफ

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जुळवून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या अखेरीस तिची खूप चर्चा झाली. पण ती वाहतुकीच्या नियमांत बसत नव्हती. २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने ती घेऊन बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली.

ब्रिटनमध्ये १९५७ पासून लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही दोन आसनी उघडी मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळे. तयार मोटारीवरचा खरेदीकर संचावर नव्हता, म्हणून अनेकांनी ती घरीच जोडली. आपल्याकडे नव्या नमुन्याची अधिकृत संस्थेकडून चाचणी झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. म्हणून मोटार रस्त्यासाठी की केवळ बंदिस्त मैदानासाठी, हे प्रथम ठरवावे. माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.चे विद्यार्थी शर्यतीची मोटार बांधतात, ती स्पर्धेच्या मैदानासाठीच.

यानंतरचे काम कागदावरचे. त्याला आठवीपर्यंतचे विज्ञान पुरते. पुढची व मागची चाके म्हणजे तरफेचे दोन टेकू. समजा, त्यांतील अंतर २२५ सें.मी. आहे. पुढच्या आसापासून इंजिन (१५० किलो) ४५ सें.मी.वर, सांगाडा व इतर भाग (३२० किलो) सरासरी ११० सें.मी.वर आणि भरलेली टाकी (३० किलो) २४० सें.मी.वर आहे. प्रत्येक भार गुणिले अंतर, या गुणाकारांची बेरीज ४९,१५० येते. तिला २२५ ने भागले की मागच्या चाकांवरचा भार मिळतो: सुमारे २१८ किलो. उरलेले २८२ किलो पुढे.

आता १८० सें.मी.वर दोन माणसे (१४० किलो) बसवू. मागचा भार ३३० किलो होतो, पुढचा ३१०. म्हणजे पुढे जेमतेम एकदशांश वाढ, मागे मात्र निम्म्याहून थोडी अधिक! मागच्या स्प्रिंगा रिकाम्या गाडीवरून निवडल्या, तर माणसे बसताच गाडी मागे दबेल आणि खड्ड्यात सांगाडा आपटेल. ही चूक कागदावर फुकट सुधारते. जोडणीनंतर ती महाग आणि धोक्याची ठरते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. ३० सें.मी.ची लाकडी पट्टी ३ व २५.५ या खुणांवर दोन ताणकाट्यांना टांगा. नुसत्या पट्टीची वाचने टिपून ठेवा. मग एका किलोऐवजी एक ग्रॅम आणि दहा सें.मी.ऐवजी एक सें.मी. या प्रमाणात वजने लटकवा. अंतरे ३ च्या खुणेपासून मोजा. काट्यांवरील वाढ विद्यार्थ्यांना आधी गणिताने सांगू द्या आणि मगच वाचने घ्या.