चाहत्यांची चुकीची परीक्षा

विज्ञानकथेचा चाहता टीव्हीवर आला की बहुतेक वेळा त्याचं हसं होतं. अमेरिकेत तर हा ठरून गेलेला प्रकार आहे. मालिकेतला गणवेश घातलेला, प्रत्येक भागाचं नाव तोंडपाठ असलेला माणूस कॅमेऱ्यापुढे उभा करायचा, त्याला बारीकसारीक प्रश्न विचारायचे आणि तो उत्साहाने उत्तरं देऊ लागला की त्या उत्साहाला हसायचं. २००१ आणि २००२ मध्ये कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर 'बीट द गीक्स' नावाचा गेम शो चालला. चित्रपट, संगीत, टीव्ही अशा एकेका विषयात मुरलेले 'गीक' झगे घालून बसलेले असत आणि चारचौघांसारख्या स्पर्धकांनी त्यांना त्यांच्याच विषयात हरवायचं असे. 'स्टार वॉर्स', 'स्टार ट्रेक' अशा विषयांचे पाहुणे गीकही येत. त्या मंडळींची माहिती खरोखर अफाट होती, पण एवढी माहिती असणं हाच तिथला विनोद होता. अशा कार्यक्रमात चाहत्याची जी फजिती होते तिचा दोष आपण त्याच्या स्वभावाला, पोशाखाला किंवा रिकामटेकडेपणाला देतो. दोष त्या परीक्षेचा आहे, असं माझं म्हणणं आहे. गेम शो पाठांतर तपासतो, आणि विज्ञानकथेचे चाहते गेली शंभर वर्षं जे करत आले आहेत त्यात पाठांतर ही फक्त पहिली पायरी आहे. पुढचं सगळं काम हातांचं आहे आणि ते घड्याळ लावून विचारलेल्या प्रश्नात मावत नाही.

या थट्टेचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमातलं २० डिसेंबर १९८६ चं प्रहसन. 'स्टार ट्रेक'मध्ये कॅप्टन कर्कची भूमिका करणारा विल्यम शॅटनर चाहत्यांच्या संमेलनात पाहुणा म्हणून आलेला दाखवला आहे. चाहते विचारतात, अमुक भागात तुम्ही तिजोरी उघडलीत तेव्हा तिचा क्रमांक काय होता? शॅटनर आधी चाचरतो, मग भडकतो आणि हे सगळं सोडून जरा आयुष्य जगा, असं त्यांना सुनावतो. प्रसारमाध्यमांचे अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांना हे प्रहसन इतकं बोलकं वाटलं की चाहत्यांवरच्या १९९२ च्या 'टेक्स्चुअल पोचर्स' या ग्रंथाची सुरुवात त्यांनी त्यावरूनच केली. पुढे १९९९ मध्ये शॅटनरनेही चाहत्यांमध्ये मिसळून, त्यांच्याशी बोलून एक पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव प्रहसनातल्याच त्या वाक्याचं दिलं. पण तिजोरीच्या क्रमांकाचा तो प्रश्न मूर्खपणाचा का वाटतो? तो कशासाठी विचारला जातोय हे आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून. क्रमांक, बटणांची संख्या, दाराची रुंदी यांचा नुसत्या पाहणाऱ्याला काही उपयोग नाही. ती वस्तू ज्याला कागदावर काढायची आहे किंवा पुठ्ठ्यात उभी करायची आहे, त्याचं मात्र या तपशिलांवाचून पाऊल पुढे पडत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा सॅन दिएगोतल्या फ्रान्झ जोसेफ श्नॉबेल्ट या विमान-उद्योगातल्या आरेखकाचा आहे. १९७३ च्या सुमारास त्यांची मुलगी आणि तिच्या चाहतेमंडळातली मुलं 'स्टार ट्रेक'मधल्या वस्तूंच्या प्रतिकृती करत होती. ते पाहून या गृहस्थांनी मालिकेच्या फिल्मच्या तुकड्यांवरून मापं काढायला सुरुवात केली आणि एकेका वस्तूची कारखान्यात शोभेल अशी रेखाचित्रं तयार केली. वस्तूंवरून ते मालिकेतल्या यानाकडे वळले. १९७५ मध्ये एंटरप्राइज यानाच्या नकाशांचा बारा पानांचा संच आणि 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' ही पुस्तिका बाजारात आली. मालिका बंद पडून सहा वर्षं झाली होती, तरी ती पुस्तिका न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदी बांधणीच्या पुस्तकांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातली काही रेखाचित्रं पुढे 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटांत यानातल्या पडद्यांवर दिसली. एकाच माहितीचे असे दोन प्रवास होतात. प्रहसनात ती हशा पिकवते आणि आरेखकाच्या टेबलावर तिचं यान होतं.

हे 'स्टार ट्रेक'पासूनच सुरू झालं असंही नाही. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. वाचकांची पत्रं छापताना ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापत. एवढ्या साध्या गोष्टीने वाचक एकमेकांना थेट लिहू लागले, गावोगाव मंडळं झाली आणि मे १९३० मध्ये शिकागोतून 'द कॉमेट' हे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं पहिलं नियतकालिक निघालं. अशा अंकांना पुढे फॅनझीन म्हणू लागले. बरेच अंक सायक्लोस्टाइलवर निघत. जुन्या शाळांतल्या प्रश्नपत्रिका ज्यांना आठवतात त्यांना हे यंत्र वेगळं सांगायला नको. मेणाचा लेप असलेल्या स्टेन्सिलवर धातूच्या टोकाने कोरायचं, कोरलेल्या रेघेतून शाई झिरपून खालच्या कागदावर उमटते. अक्षरं टंकलेखन यंत्राने होत, पण चित्र हातानेच कोरावं लागे. जोर कमी पडला तर रेघ फिकी, जास्त पडला तर स्टेन्सिल फाटलं. मोठा काळा भराव तर जवळजवळ अशक्यच. त्यामुळे या चित्रकारांचा हात बारीक, नेमक्या, कमीत कमी रेघेवर बसला. ज्यांना रंग हवे असत ते जिलेटिनच्या थरावरून छाप घेण्याची हेक्टोग्राफची पद्धत वापरत. तिच्यात एकाच वेळी अनेक रंग उठत, पण पन्नासेक प्रतींनंतर शाई संपत जाई. हे शिक्षण कुठल्याही कलाशाळेत मिळत नव्हतं आणि त्यासाठी फी नव्हती. अंक हातात पडल्यावर देशभरातले वाचक चित्रांविषयीही खरमरीत पत्रं लिहीत, आणि पुढच्या अंकातली रेघ त्यातून सुधारत असे.

या शाळेतून काय निघालं ते लेखक रे ब्रॅडबरी आणि चित्रकार हॅनेस बोक यांच्या जोडीवरून कळतं. १९३९ मध्ये ब्रॅडबरी लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा-मंडळातला अठरा वर्षांचा, खिशात दमडी नसलेला मुलगा होता. तो 'फ्यूचुरिया फँटेशिया' नावाचं फॅनझीन काढत असे. त्याचे एकूण चारच अंक निघाले. मुखपृष्ठं बोकची असत. न्यूयॉर्कला २ ते ४ जुलै १९३९ या दिवसांत पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा ब्रॅडबरीने मित्राकडून, म्हणजे फॉरेस्ट अॅकरमनकडून, पैसे उसने घेतले आणि बसने अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. सोबत बोकची चित्रं घेतली होती. ती त्याने 'वीअर्ड टेल्स' या मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना दाखवली आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकावर बोकचं मुखपृष्ठ आलं. १९५३ मध्ये विज्ञानकथेसाठीचे ह्यूगो पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा उत्कृष्ट मुखपृष्ठकाराचा मान बोकला एड एम्शविलरसह विभागून मिळाला. (पैसा मात्र त्याला कधीच मिळाला नाही, १९६४ मध्ये तो गरिबीतच वारला.) स्वतःच्या कथा अजून कोणी विकत घेत नसताना दुसऱ्याची चित्रं काखेत मारून तीन हजार मैलांवर नेणं, हे चाहतेपणाचं मला दिसणारं सर्वांत खरं रूप आहे. ब्रॅडबरी पुढे नाव झाल्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यात विनोदवीर ग्राउचो मार्क्सच्या 'यू बेट युअर लाइफ' या गेम शोमध्ये स्पर्धक म्हणूनही येऊन गेला. त्या कार्यक्रमात प्रश्न दुय्यम होते आणि स्पर्धकाशी चाललेली ग्राउचोची छेडछाड मुख्य. गुप्त शब्द तोंडून निघाला की वरून खेळण्यातलं बदक खाली येई आणि बक्षीस मिळे. त्या खेळात मूठभर डॉलरांची हारजीत होते, बोकची चित्रं न्यूयॉर्कला नेणारा ब्रॅडबरी तिथे दिसण्याची सोयच नसते.

यावर पहिला आक्षेप असा की चाहते स्वतःच प्रश्नमंजूषा भरवतात, एकमेकांना क्षुल्लक माहितीवरून अडवतात, मग टीव्हीला दोष का द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि ते प्रश्नमंजूषेपेक्षा खोल आहे. पहिल्या संमेलनातच न्यूयॉर्कच्या 'फ्यूचुरियन' गटातल्या फ्रेडरिक पोल, डोनल्ड वोलहाइम, सिरिल कॉर्नब्लथ आदी सहा जणांना आपसातल्या वादातून दारातच अडवलं होतं. त्याच गटातला आयझॅक असिमॉव्ह आत गेला. त्याच संमेलनात अॅकरमन भविष्यकाळातला म्हणून जो पोशाख घालून वावरला, तो मर्टल डग्लस यांनी शिवला होता आणि त्याही तसाच पोशाख घालून आल्या होत्या. पुढची अनेक वर्षं पोशाखाच्या या परंपरेचं श्रेय मात्र अॅकरमनच्या नावावर जमा होत राहिलं. अलीकडे, २०१८ मध्ये, 'स्टार वॉर्स'मधली अभिनेत्री केली मेरी ट्रॅन हिचा चाहते म्हणवणाऱ्यांनी इतका छळ केला की तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या नोंदी काढून टाकल्या. हे डाग खरे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण टीव्हीवरची थट्टा या डागांना कधी हात लावते का? दारात अडवणारा, श्रेय खाणारा, छळणारा चाहता तिथे दिसत नाही. हसतात ते निरुपद्रवी, बुजऱ्या, घरी पोशाख शिवून आलेल्या माणसाला. ही थट्टा चाहत्यांमधल्या खऱ्या वाईटाला धक्काही लावत नाही, उलट जो कोणालाच त्रास देत नाही त्यालाच लाजवते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: चाहत्यांची कला, म्हणजे फॅन आर्ट, ही दुसऱ्याच्या पात्रांवर पोसलेली उसनवारी नाही का? बोकची चित्रं त्याच्या स्वतःच्या कल्पनेतली होती, पण आजची बहुतेक फॅन आर्ट कोणाच्या तरी मालकीच्या पात्रांची असते. मालकाचा हक्क मला मान्य आहे. 'अॅक्सनार' या 'स्टार ट्रेक'वरच्या चाहता-चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त जमा झाले, तेव्हा २०१५ च्या अखेरीस सीबीएस आणि पॅरामाउंट हे मालिकेचे हक्कधारक न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी त्यांनी नियम घातले की चाहत्यांच्या चित्रपटाची कथा पंधरा मिनिटांची किंवा फार तर दोन भाग मिळून तीस मिनिटांची असावी. इतक्या रकमेचा व्यवहार झाला की तो धंदाच होतो, तिथे रेष ओढणं रास्त आहे. मात्र उसनवारी एकाच दिशेने होते हा समज चुकीचा आहे. विल्यम रॉट्स्लर हा फॅनझीनांना चित्रं फुकट वाटणारा, चाहता-चित्रकाराचा ह्यूगो अनेकदा मिळवलेला माणूस. 'स्टार ट्रेक'मधल्या लेफ्टनंट उहुराला मालिकेत पहिलं नाव नव्हतं. रॉट्स्लरने १९८२ च्या एका पुस्तकात तिला 'न्योटा' हे नाव दिलं आणि २००९ च्या चित्रपटात ते पडद्यावर अधिकृत झालं. मालकानेही चाहत्याकडून घेतलं, ते हे असं.

फजितीचा एक प्रसंग या सगळ्याच्या मधोमध बसतो, तो गेम शोमधला नसला तरी. १९८६ मध्ये बीबीसीच्या 'ओपन एअर' या कार्यक्रमात ख्रिस चिबनॉल नावाचा सोळा वर्षांचा, 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा चाहता आला आणि त्याने मालिकेच्या पिप आणि जेन बेकर या लेखकद्वयाला त्यांच्या देखत सुनावलं की कथा ठोकळेबाज आहे. पुढे हाच मुलगा त्या मालिकेचा प्रमुख झाला आणि २०१८ मध्ये मालिकेच्या नायकाच्या, म्हणजे डॉक्टरच्या, भूमिकेत जोडी व्हिटेकर या पहिल्या स्त्रीला त्याने पडद्यावर आणलं. तेव्हा ती जुनी फीत पुन्हा फिरू लागली आणि लोक खिदळले, कारण त्याच्या कथांवरही तसलेच आक्षेप येत होते. मला त्या फितीत लाजिरवाणं काही दिसत नाही. तो मुलगा भागांची नावं सांगायला आला नव्हता. गोष्ट कशी रचली आहे, ती कुठे ढिली पडते, हे तो बोलत होता, आणि नंतर तेच काम त्याने स्वतः अंगावर घेतलं. ते त्याला किती साधलं यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद त्याच्या कामाचा आहे.

माणसाकडे पाहायचं की कामाकडे, हा प्रश्न मराठीतही एकदा फार चांगल्या रीतीने सुटला आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव बेतलं होतं. परीक्षकांपुढे फक्त कथा होती, आणि पहिलं बक्षीस कथेला मिळालं. टीव्हीला माणूस लपवता येत नाही हे खरं, पण त्याच्या हाती काय द्यायचं हे टीव्हीच ठरवतो. अमेरिकेतच सायफाय वाहिनीवर २०११ ते २०१८ 'फेस ऑफ' नावाची स्पर्धा चालली. स्पर्धकांना विषय मिळे आणि ठरलेल्या वेळात परग्रहावरचा जीव किंवा राक्षस घडवायचा असे. मातीत चेहरा घडवणं, त्याचा साचा करणं, फोम ओतणं, साचा उघडताना कडा फाटली तर रात्रीतून ती सांधणं, सगळं कॅमेऱ्यापुढे. परीक्षकांत व्ही नीलसारख्या ऑस्कर मिळवलेल्या रंगभूषाकार होत्या. त्या जवळ येऊन कपाळावरचा सांधा निरखत आणि या प्राण्याचा जबडा असा का, तो खातो काय, असं विचारत. स्पर्धकाला उत्तर ठाऊक असे, कारण तो जबडा त्यानेच घडवलेला असे. तिथेही घड्याळ होतं, हरणं होतं, कॅमेऱ्यापुढे रडणंही होतं. पण विज्ञानकथेवर इतकं प्रेम करतो म्हणून तिथे कोणी कोणाला हसत नव्हतं.