बायकांचे पान कोण लावते?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती वर्तमानपत्रांतला मजकूर सहन होईना म्हणून. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, आणि तेवढे निमित्त करून ‘पुणे वैभव’ने साऱ्या बायकांनाच धारेवर धरले. ताराबाईंचे वडील बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. अकोल्याला तेव्हा ‘वऱ्हाड समाचार’ निघत होता, तरी या वऱ्हाडी बाईचे उत्तर १८८२ मध्ये स्वतंत्र पुस्तिका म्हणून पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे छापील पुस्तक नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केली, तोवर नव्वदहून अधिक वर्षे लोटली होती. इतक्या ताकदीची लेखणी एका पुस्तिकेवर थांबली, याचा दोष केवळ टीकाकारांच्या माथी मारता येत नाही. पुढचा लेख मागणारे, आलेली पत्रे छापणारे, वाद चालू ठेवणारे कोणी त्यांच्या पाठीशी नव्हते. हे काम संपादकाचे, आणि पुढे स्त्रियांच्या पानाच्या संपादिकांनी तेच केले. पाककृती निवडणे हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

मराठीत या कामाची शाळा मासिकांनी चालवली. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ सुरू केले. १९६४ मध्ये विद्या बाळ तिथे संपादन विभागात आल्या आणि १९८३ ते १९८६ संपादक राहिल्या. त्याच सुमारास पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या विवाहितांच्या मृत्यूंनी खळबळ उडाली, तेव्हा नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. विद्याताई मंचाच्या संस्थापकांपैकी. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. घरातल्या मृत्यूची बातमी चार ओळींत संपवायची नाही, तिच्यामागे कितीजणींचे तसेच जगणे आहे ते विचारत राहायचे, ही त्यांची रीत होती. माझ्या मते स्त्रियांच्या पानाचे मोल याच कसोटीवर ठरावे.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप असा, की वेगळे पान म्हणजे वेगळी चूल : बायकांचे प्रश्न पहिल्या पानावर हवेत. आक्षेप खरा आहे. पण वेगळी पाने बंद झाल्यावर काय घडले, तेही पाहावे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जानेवारी १९६९ मध्ये स्त्रियांचे पान मोडून ‘स्टाइल’ विभाग आणला. तोच कित्ता गिरवलेल्या अनेक अमेरिकी वृत्तपत्रांत संपादिकांची पदे गेली किंवा खालावली, आणि सूत्रे बहुधा पुरुषांच्या हाती आली. पहिल्या पानावर बायकांचे प्रश्न मात्र त्या वेगाने चढले नाहीत. उलट इंग्लंडात मेरी स्टॉट १९५७ ते १९७२ ‘गार्डियन’चे हे पान सांभाळत होत्या. उपनगरांतल्या गृहिणींच्या कोंडीवर बेटी जेरमन यांचा लेख १९६० मध्ये आला, त्यावर मॉरीन निकोल या वाचक बाईंनी पत्र धाडले, आणि त्या पत्रातून गृहिणींचे देशव्यापी जाळे उभे राहिले. पुढच्याच वर्षी बेल टुटेव यांच्या पत्रातून बालवाड्यांची संघटना जन्मली. दोन्ही पत्रे संपादिकेने छापण्याजोगी मानली, हे त्यातले मर्म.

विदर्भात अशा पत्रांना विषयांचा तोटा कधीच नव्हता. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, असे ठराव झाले. ठरावाची बातमी एका दिवसाची असते. रजा मिळाली का, हे सहा महिन्यांनी विचारायला कोणाचे तरी ठरलेले टेबल लागते. आज शेतकरी आत्महत्येचेही तेच. आकडा पहिल्या पानावर येतो, मग प्रकरण पात्र की अपात्र ते कचेरीत ठरते. पात्र ठरले तर एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. नातेवाइकाकडून किंवा बिनपरवाना सावकाराकडून उचललेले कर्ज निकषात बसत नाही. वारसनोंद, फेरफार, सातबाऱ्यावर बाईचे नाव चढणे, हे सगळे त्यानंतरचे, आणि तिथवर बातमी पोचत नाही.

आता सगळ्याजणींच्या हाती मोबाइल आहे, पानाची गरज काय, असेही म्हटले जाते. ग्रुपवर दुःख सांगता येते. पण ग्रुप तहसीलदाराला प्रश्न विचारत नाही, वार्ताहराला मूर्तिजापुरात किंवा दर्यापुरात धाडत नाही, छापलेल्या शब्दाची जबाबदारी घेत नाही. साखळी वृत्तपत्रांच्या पुरवण्या मुख्य कार्यालयात लागतात आणि अकोला-अमरावतीच्या आवृत्त्यांबरोबर तयार येतात. त्यात दागिने, मेकअप, सणाचे पदार्थ असावेत, त्यांना माझी ना नाही. ‘स्त्री’नेही घरसंसाराचा मजकूर वर्ज्य मानला नव्हता. पण शंभर-दोनशे कोसांवर लागलेल्या पानाला बार्शीटाकळीच्या बाईने पत्र कोणाला लिहावे, ते कळत नाही. म्हणून मागणी साधी आहे. दोन्ही शहरांच्या आवृत्त्यांत आठवड्याला निदान एक पान तिथेच लागावे, त्यावर संपादिकेचे नाव आणि कचेरीचा पत्ता छापावा, आणि आलेल्या पत्रांपैकी एकाचा तरी पाठपुरावा करण्यासाठी तिला एक वार्ताहर मिळावा.