आधी विचारा, मग आराखडा करा

अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेने पुढील तीन वर्षांचा आराखडा करायला घेतला. डॉक्टर या नात्याने मी ऐटीत यादी केली: तीनचाकी सायकली, कुबड्या, तपासणी शिबिरे. मग लोकांची मते घेण्यासाठी सभा बोलावली, तीही वाचनालयाच्या माडीवर! साहजिकच पालक आले, पुढारी आले. ज्यांच्यासाठी सभा होती ते खालीच राहिले.

दुसऱ्या खेपेस बाजाराच्या दिवशी एस.टी. स्थानकाजवळ मांडव घातला. सांकेतिक भाषा जाणणारी शिक्षिका सोबत घेतली, अंधांना प्रश्न वाचून दाखवले. आई मुलाच्या वतीने बोलली तर ते वेगळे टिपून मुलालाही विचारले.

पोलिओने पाय गेलेल्या एक बाई म्हणाल्या, ''सायकल आहे हो. कचेरीत आम्हाला वापरता येईल असा संडास नाही. तिथे जायचं त्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही.'' पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास तुंबवणे यांमुळे मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. या बाईंना त्यासाठी मीच दोनदा गोळ्या दिल्या होत्या. कारण विचारले नव्हते.

सिकलसेलचे रुग्णही आले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यांत सिकलसेल आहे. रुग्ण वरवर धडधाकट दिसतो, म्हणून आमच्या यादीत तो नव्हताच.

आता यादीत संडास पहिला आहे. सुधारलेला मसुदा त्याच मांडवात पुन्हा वाचून दाखवणार आहोत.