डॉक्टर, बाहेर रांग आहे: आपुलकी आणि वेग यांविषयीचे गैरसमज

नंबर लावून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी असतात. आत गेलेल्या रुग्णाने चटकन बाहेर यावे आणि आपला नंबर आला की डॉक्टरांनी निवांत ऐकून घ्यावे. दोन्ही इच्छा रास्त आहेत. त्यामुळे डॉक्टरांपुढे रोज एक पेच उभा राहतो: समोरच्याशी चार शब्द बोलावे, की बाहेरच्यांचा वेळ वाचवावा? बहुतेकांच्या मनात याचे उत्तर तराजूसारखे असते. आपुलकीचे पारडे खाली गेले की कामाचे वर जाणार, असे आपण गृहीत धरतो. गेल्या चाळीस वर्षांत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणाचा घड्याळ लावून अभ्यास झाला आहे. त्यातून दिसते ते असे, की बोलणे किती झाले यापेक्षा ते केव्हा झाले आणि कोणाविषयी झाले याला अधिक महत्त्व आहे. काही बोलणे वेळ वाचवते, काही वेळ खाते आणि काही तर उपचारालाच बाधक ठरते. या तिन्हींना ‘गप्पा’ या एकाच नावाखाली ढकलल्यामुळे पुढचे गैरसमज तयार झाले आहेत.

गैरसमज १: रुग्णाला बोलू दिले तर तो थांबतच नाही

ही भीती जुनी आहे आणि तिच्यापोटी डॉक्टर रुग्णाला फार लवकर अडवतात. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडले होते आणि आपले सुरुवातीचे म्हणणे पूर्ण करू शकलेले रुग्ण चारात एकही भरत नव्हते. १९९९ मध्ये अशाच दुसऱ्या अभ्यासात हा वेळ सरासरी २३ सेकंद निघाला. पण ज्या रुग्णांना बोलणे पूर्ण करू दिले, त्यांनी घेतलेला जादा वेळ सरासरी अवघा ६ सेकंदांचा होता. न अडवल्यास रुग्ण किती वेळ बोलतो, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील विद्यापीठ रुग्णालयात २००२ मध्ये थेट मोजले गेले. तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये न बोलण्याचे प्रशिक्षण घेतले. पाहणीतल्या ३३५ रुग्णांचा सरासरी वेळ ९२ सेकंद आला. निम्मे रुग्ण एका मिनिटाच्या आतच थांबले आणि दर १०० पैकी ७८ जणांचे म्हणणे दोन मिनिटांत संपले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त सात होते आणि त्यांनी दिलेली माहिती महत्त्वाची होती, असे डॉक्टरांनीच नोंदवले.

मध्येच तोडण्याने वेळ वाचत नाही, याचे कारण सोपे आहे. रुग्ण पहिली तक्रार सांगतो ती बहुधा सर्वांत महत्त्वाची म्हणून नव्हे, तर सांगायला सोपी म्हणून. खोकल्यासाठी आलेला माणूस छातीत अधूनमधून होणाऱ्या दुखण्याचा विषय शेवटी काढतो. तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. वर सांगितलेल्या १९९९ च्या अभ्यासातही हेच दिसले: ज्यांना सुरुवातीला पूर्ण बोलू दिले, त्यांच्याकडून शेवटी उगवणाऱ्या तक्रारी कमी आल्या.

गैरसमज २: भावनेला हात घातला की वेळेचे गणित बिघडते

अनेक डॉक्टरांना वाटते, की लक्षणांपुरते बोलावे. रुग्णाच्या काळजीची दखल घेतली की विषय घरच्या भांडणापर्यंत जातो. वेंडी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११६ भेटी तपासल्या. रुग्ण आपली चिंता सरळ सांगत नाहीत, ओझरती सूचना देतात, असे त्यांना आढळले. ‘माझ्या वडिलांनाही असेच सुरू झाले होते’ यासारखे वाक्य अशी सूचना असते. ती ओळखून दोन शब्द बोलणाऱ्या डॉक्टरांच्या भेटी लांबतील अशी अपेक्षा होती. घडले उलटे. प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जिथे सूचना ओळखली, तिथे भेट सरासरी १७.६ मिनिटे चालली. जिथे ती निसटली, तिथे २०.१ मिनिटे. शल्यचिकित्सकांच्या बाबतीत हे आकडे १२.५ आणि १४ मिनिटे असे होते. म्हणजे दखल घेतल्याने वेळ वाढलेला नाही. एवढ्यावरून दखल घेतल्यामुळेच वेळ वाचला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तर्क त्याच दिशेने जातो. मनातली भीती ऐकली गेली नाही की माणूस तीच गोष्ट फिरवून फिरवून सांगत राहतो आणि ‘तुम्हाला वडिलांसारखे होईल अशी धास्ती वाटते का?’ हा एक प्रश्न त्या फेऱ्या थांबवू शकतो. अमेरिकेतच २००७ मध्ये हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी आणखी एक साधा उपाय तपासला. मुख्य तक्रार ऐकून झाल्यावर लगेच, ‘आज आणखी एखाद्या गोष्टीविषयी बोलायचे आहे का?’ असे विचारले, तर न सांगता राहून गेलेल्या तक्रारी लक्षणीय घटल्या आणि भेटीची लांबी वाढली नाही.

गैरसमज ३: जवळीक साधायची तर स्वतःविषयीही बोलावे

इथवरच्या पुराव्यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल, की मोकळे बोलणे नेहमीच फायद्याचे. तसे नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टर परिसरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती ओळख न देता डॉक्टरांकडे गेल्या. तपासलेल्या ११३ भेटींपैकी ३४ टक्के भेटींत डॉक्टर स्वतःविषयी बोलले: आपला आहार, आपले दुखणे, आपले कुटुंब. हेतू चांगलाच असणार. पण यांतली ८५ टक्के विधाने रुग्णाच्या काहीही उपयोगाची नव्हती आणि ११ टक्के विधानांनी तपासणीचा ओघच मोडला. आपल्याकडे मुख्य फरक इतकाच, की गावाची, नात्याची, शाळेची ओळख निघते. ती निघण्यात वाईट काही नाही. अनोळखी माणसाच्या मनातला संकोच तिने कमी होतो. मात्र ओळख पटल्यावर बोलणे रुग्णाकडे परत आले पाहिजे. रुग्णाविषयीची आपुलकी आणि रुग्णासमोर रंगलेल्या आपल्याच गोष्टी यांत फरक आहे आणि घड्याळाला तो चांगला कळतो.

गैरसमज ४: हात चालू असताना तोंड चालले तर काय बिघडते?

काम आणि गप्पा बरोबरच उरकल्या की वेळही वाचतो आणि माणूसही खूश होतो, ही समजूत सर्वांत फसवी आहे. रक्तदाब मोजतानाचेच उदाहरण घ्या. दंडाला पट्टा बांधून हवा भरता भरता ‘मुलगा काय करतो सध्या?’ असे विचारण्याची पद्धत सर्रास दिसते. पण मोजणी चालू असताना रुग्ण बोलला तर वरचा आकडा सुमारे १० ने वाढू शकतो. म्हणूनच आधी पाच मिनिटे शांत बसवावे आणि मोजताना दोघांनीही बोलू नये, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनसारख्या संस्था सांगतात. ज्याचा रक्तदाब सीमारेषेवर आहे, त्याच्या बाबतीत या एका प्रेमळ प्रश्नाने गोळी सुरू करायची की नाही याचा निर्णय बदलू शकतो.

औषध देण्याच्या कामातही असाच धोका आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी ४,२७१ वेळा औषधे दिली, त्याचे निरीक्षण करून २०१० साली निष्कर्ष मांडण्यात आले. कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुका १२.१ टक्क्यांनी आणि उपचारातल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढल्या. विमान वाहतुकीने हा धडा आधीच घेतला होता. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले. खाली येण्याच्या त्या टप्प्यात वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या विषयांवर बोलत होते, असे तपासात निघाले. १९८१ पासून तिथे नियमच झाला, की दहा हजार फुटांखाली, म्हणजे उड्डाण घेताना आणि उतरताना, वैमानिकांनी अनावश्यक बोलू नये. वरच्या उंचीवर हे बंधन नाही. दवाखान्यातही हाच विवेक हवा. सुई टोचण्यापूर्वी धीर देणे कामाचाच भाग आहे. मात्र मात्रा मोजताना, गोळ्या भरताना आणि केसपेपरवर नाव पाहताना शांतताच हवी.

गैरसमज ५: अर्ध्या मिनिटाने रांगेला काय फरक पडतो?

दवाखाना रिकामा असेल तर जवळपास काहीच नाही. भरलेला असेल तर फार मोठा. रांगांच्या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये घातला. त्यातले अगदी प्राथमिक सूत्र इथे पुरेसे आहे. समजा, रुग्ण अनियमितपणे, पण सरासरी पाच मिनिटांना एक असे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त होतो. डॉक्टर सरासरी दोन मिनिटे घेत असतील तर बाहेर थांबण्याचा सरासरी वेळ दीड मिनिटापेक्षाही कमी येतो. प्रत्येकाशी अर्धा मिनिट जास्त बोलल्यास तो अडीच मिनिटे होतो. आता डॉक्टर सरासरी चार मिनिटे घेतात असे धरा. बाहेरचा सरासरी वेळ १६ मिनिटे येतो. त्यात तोच अर्धा मिनिट मिळवला, तर तो ४० मिनिटांच्या पुढे जातो. प्रत्यक्षातली ओपीडी ठरावीक तास चालते, म्हणून आकडे तंतोतंत हे राहणार नाहीत. पण वाढीचा हा स्वभाव खरा आहे. क्षमता संपत आली की प्रत्येक जादा क्षणाची किंमत बाहेरचे सगळे मिळून मोजतात. सकाळच्या गर्दीत अवांतर विषय टाळणारा आणि दुपारी बाक मोकळा झाल्यावर विचारपूस करणारा डॉक्टर म्हणूनच लहरी ठरत नाही. तो दोन्ही वेळा योग्यच वागतो.

गैरसमज ६: जिव्हाळा दाखवायला वेळच नाही

या गैरसमजामागचा आक्षेप गंभीर आहे. बाझलच्या रुग्णालयातले आकडे आपल्या सरकारी ओपीडीत काय कामाचे? २०१७ मध्ये ६७ देशांतल्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचारांच्या भेटीला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे मिळतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आणि जगाची निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे पाच मिनिटे किंवा त्याहून कमी. हा तुटवडा डॉक्टरांच्या स्वभावाने भरून निघणार नाही. त्यासाठी जागा भराव्या लागतील, प्राथमिक आरोग्य केंद्रे सक्षम करावी लागतील. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या प्राथमिक डॉक्टरांवर रुग्णांनी कधी दावे केले नव्हते, ते प्रत्येक भेटीला सरासरी १८.३ मिनिटे देत होते आणि दावे झालेले १५ मिनिटे. वेळेला स्वतःचे मोल आहेच.

तरीही मिळालेल्या थोड्या वेळात काय करता येते, हा प्रश्न उरतोच. दिल्लीतल्या डॉक्टरांवरील जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर यांच्या अभ्यासात भेट सरासरी ३.८ मिनिटांची होती आणि तेवढ्यात डॉक्टर सरासरी तीनच्या आसपास प्रश्न विचारत. एवढ्या वेळेत याहून जास्त प्रश्न बसतात. म्हणजे अडचण केवळ घड्याळाची नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतरच्या भेटींची पाहणी झाली. त्यात डॉक्टर खाटेजवळ बसले तेव्हा प्रत्यक्षात सुमारे एक मिनिट थांबले होते, पण रुग्णांना ती भेट पाच मिनिटांची वाटली. उभ्याने बोललेली भेट त्याहून किंचित लांब असूनही रुग्णांना ती लहान वाटली. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली झालेल्या प्रयोगात कर्करोगाविषयीच्या चित्रफितीत डॉक्टरांचे सहानुभूतीचे सुमारे ४० सेकंदांचे बोलणे घातले, तर ती पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता कमी झालेली आढळली. रुग्णाकडे पाहून बसणे, पहिले मिनिटभर न अडवणे, आणखी काय सांगायचे आहे ते सुरुवातीलाच विचारणे आणि पुढे काय होणार ते सांगणे, या चार गोष्टी तीन मिनिटांतही बसतात.

हे उपजत असते, शिकवून येत नाही, असे म्हणण्यालाही आता आधार उरलेला नाही. बाझलचे डॉक्टर प्रशिक्षणाने गप्प बसायला शिकले. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांना पहिल्या वर्षापासून स्थान आहे. मात्र वर्गात शिकलेले ओपीडीत टिकायचे, तर वरिष्ठांनी तसे वागून दाखवायला हवे आणि किती केसपेपर संपवले एवढ्यावरच कामाचे मोजमाप होता कामा नये. रुग्णांचीही यात जबाबदारी आहे. सगळ्या तक्रारी सुरुवातीलाच सांगाव्यात, जुने कागद हाताशी ठेवावेत, रक्तदाब मोजताना बोलू नये. बाहेर बसलेला माणूस आणि आत बसलेला माणूस एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. आतल्या माणसाचे म्हणणे पहिल्याच भेटीत नीट ऐकले गेले, तर त्याच तक्रारीसाठी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा रांगेत येण्याची शक्यता कमी होते. म्हणून ऐकण्यावर खर्च झालेला वेळ हा कामातून वजा करू नये. तो कामाचाच पहिला भाग आहे.